आधी पाण्याची वाट

बंगल्याच्या मागे पोहण्याचा तलाव बांधायचा ठरला की पहिली बैठक टाइल्सच्या रंगावर जाते. आकाशी की समुद्री हिरवी, काठावर लाकूड की दगड, कोपऱ्यात चाफा लावायचा की नारळ. अशा बैठकांना मी गेली बरीच वर्षं बसतो आहे. काठावर पडलेलं पाणी शेवटी जाणार कुठे, हा प्रश्न त्यांतल्या एकाच बैठकीत मालकांच्या बाजूने आला. विचारणाऱ्या बाई मूळच्या मुरूडच्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणाभोवतीचा चर उपसून काढणं हे लहानपणी त्यांचं आणि त्यांच्या भावाचं ठरलेलं काम होतं. नकाशावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हे सगळं छान आहे हो, पण ह्याचा चर कुठाय?" नकाशात चर नव्हता. नकाशा माझाच होता.

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर.

तलाव कसा बांधावा, पाणी कसं गाळावं, क्लोरीन किती टाकावं याची पुस्तकं आणि माहितीपत्रकं हवी तेवढी मिळतात. काठाच्या फरशीचा, म्हणजे ज्याला आता सगळेच डेक म्हणतात त्याचा, निचरा त्यांत एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो. त्यांचंही चुकत नाही. घरामागचे तलाव जिथे सर्रास दिसतात त्या ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात वर्षभराचा पाऊस 200 मिलीमीटरच्या आतबाहेर असतो. लोणावळ्यात तेवढा एका दिवसात पडू शकतो आणि पडतो. अलिबागला वर्षाकाठी 2000 मिलीमीटरच्या वर, लोणावळ्याला 4000 च्या वर, आणि हे सगळं जेमतेम चार महिन्यांत. फिनिक्समध्ये काठावरचं पाणी म्हणजे पोरांनी उड्या मारून उडवलेलं पाणी. आपल्याकडे काठ म्हणजे जमिनीवर अंथरलेलं छप्पर. घराच्या छपराला आपण पन्हळ लावतो, तिचा पाइप कुठे उतरवायचा यावर भांडतो. जमिनीवरच्या या छपराला मात्र "देऊ थोडा ढाळ" एवढ्यावर सोडून देतो.

तो "थोडा" किती, हे एकदा आकड्यांत बघून घेऊ. एक मिलीमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. पावसाळी कामाचं इतकं सोपं कोष्टक दुसरं नाही. समजा काठाची फरशी 120 चौरस मीटर आहे आणि बंगल्याच्या छपराचं 150 चौरस मीटरचं पाणीही त्याच अंगाला उतरतं. तासाला 60 मिलीमीटरची सर आली तर 16,200 लिटर, म्हणजे सेकंदाला साडेचार लिटर. चार इंची पीव्हीसी पाइप शंभराला एक ढाळ देऊन टाकला तर भरून वाहताना तो सेकंदाला साधारण सहा लिटर नेतो. म्हणजे भागलं, असं वाटतं. पण सर तासाला 100 मिलीमीटरच्या वेगाने आली, आणि घाटमाथ्यावर पंधरा-वीस मिनिटं तशी येतेच, की हिशेब साडेसात लिटरवर जातो आणि पाइप तुंबतो. त्यात मिस्त्रीने नालीऐवजी फरशीत दोन नहाणीच्या जाळ्या बसवल्या असतील तर पाइपापर्यंत गोष्ट पोचतच नाही. वर तळं झाल्याशिवाय अशी जाळी सेकंदाला एखाद-दीड लिटरच्या पुढे घेत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला. तेवढ्यासाठी कुणी नाल्या बांधत नाही. पण तेवढा पडला तर पाणी घरात शिरण्याऐवजी कोणत्या बाजूने निघून जाईल, हे मात्र कागदावर आधी ठरवता येतं.

आता या पुस्तकातली मुख्य गोष्ट. ती इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं न वाचणाऱ्यालाही ती मिळेल. निचऱ्याचा हिशेब शेवटापासून सुरू करायचा असतो. तलावाची पातळी आधी ठरवून मग पाणी बाहेर काढायची वाट शोधायची, ही आपल्याकडची रीत आहे आणि बहुतेक दुखणी तिच्यातून येतात.

उदाहरण घेऊ. प्लॉटच्या खालच्या अंगाला ओढा आहे. गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन ओढ्याच्या पुराची रेघ ठरवली. आपल्या पाइपाचा तळ त्या रेघेच्या वर हवा, नाहीतर ओढा भरला की पाणी उलटं आत येतं. तिथून चेंबरपर्यंत 25 मीटर पाइप, शंभराला एक ढाळ: 25 सेंटिमीटर. चेंबरमधली उडी 5. काठाच्या बाहेरच्या कडेने 12 मीटरची जाळीची नाली, तिच्या तळाला दोनशेला एक ढाळ: 6. नालीची सुरुवातीची खोली 10. आणि तलावाच्या काठापासून नालीपर्यंत 3 मीटर फरशी, साठाला एक: 5. बेरीज 51. म्हणजे तलावाचा काठ ओढ्याच्या पुरापेक्षा निदान अर्धा मीटर उंच असला पाहिजे. प्लॉटला मुळात तेवढा उतार असेल तर काही करावं लागत नाही. नसेल, तर हा अर्धा मीटर खोदाईच्या आधी सापडला पाहिजे: तलाव वर उचलून, पाइपाची वाट तोडकी करून, नाहीतर पाणी दुसऱ्या अंगाला वळवून. एकदा काँक्रीट झालं की अर्धा मीटर कुठल्याही दुकानात मिळत नाही. मग सुरू होते ती ओढाताण. ढाळ साठाचा दीडशेवर येतो, पाइप सपाट होतो, आणि जुलैत मालक फोनवर विचारतात की आमच्याच काठावर पाणी का साचतं.

तलावासारखी निष्ठुर पाणसळ दुसरी नाही. घराच्या फरशीत दोन सेंटिमीटरची चूक कुणाला दिसत नाही. तलावाच्या काठात एका बाजूला तेवढी चूक झाली तर भरलेलं पाणी ती रोज सकाळी मालकांना दाखवतं. म्हणून गवंडी काठाची लेव्हल जिवापाड सांभाळतो आणि काठापलीकडच्या तीन मीटर फरशीकडे त्याचं लक्ष उरत नाही. दोष त्याचा नाही, बघणाऱ्याचा. आपण बघतो पाणी, तोही पाणीच बघतो.

आता माझी एक चूक, जराशी सविस्तर, कारण पुस्तकातलं सगळ्यात जाड प्रकरण तिच्यातून निघालं आहे. मावळातली साइट, उताराची जमीन, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मालकांना मेच्या सुट्टीत नातवंडांना पोहायला आणायचं होतं. तलाव खोदताना चारी बाजूंनी दोन-अडीच फूट जादा खोदावं लागतं, शटरिंग लावायला आणि माणसाला वावरायला. काँक्रीट झालं की ती फट पुन्हा भरायची. आम्ही ती मार्चमध्ये भरली. खोदाईचाच माल, मोठाल्या ढेकळांसकट, जेसीबीने वरून लोटला. एप्रिलमध्ये त्यावर सोलिंग, पीसीसी आणि राखाडी कडप्पा. ढाळ तलावापासून बाहेर, साठाला एक, पट्टी लावून तपासलेला. मे महिना झकास गेला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांच्या माळीदादांचा फोन आला: "साहेब, तळ्यात चहा झालाय." जाऊन पाहिलं तर खरंच चहा, दूध जास्त झालेला. भराव खचला होता. फरशीची बाहेरची कड पक्क्या जमिनीवर होती, ती जागच्या जागी राहिली. तलावाकडची कड पोकळ भरावावर होती, ती एका ठिकाणी साडेसात सेंटिमीटर बसली. पाच सेंटिमीटर बाहेरचा ढाळ होता, त्याचा अडीच सेंटिमीटर आतला ढाळ झाला. सगळ्या काठाचं पाणी, बागेतली माती घेऊन, सरळ तलावात. बाहेरच्या कडेची महागडी नाली कोरडी ठणठणीत, तिच्यात एक बेडूक आरामात बसलेला. "कुठेतरी पाणी मुरतंय" असं आपण संशयाने म्हणतो. इथे ते खरोखर मुरत होतं, काठ आणि फरशीच्या मधल्या सांध्यातून, भराव आणखी खचवत.

दिवाळीनंतर फरशी फोडली, भराव उपसला आणि पुन्हा भरला. या वेळी क्रशरची कच आणि बारीक मुरूम, पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. एका कडेला चार दिवस गेले. पहिल्यांदा हेच चार दिवस वाचवले होते. खर्च मूळ फरशीपेक्षा जास्त आला आणि तो मी सोसला. तेव्हापासून माझी अट असते: घाई नसेल तर भराव एक पावसाळा उघडा राहू द्या, वर नुसती खडी पसरा, आणि फरशी पुढच्या हिवाळ्यात घाला. फारसे मालक ऐकत नाहीत. ऐकतात त्यांचा काठ मला पुन्हा बघावा लागत नाही. जिथे काळी माती आहे तिथे तर ती भरावात घालूच नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या फरशीला दरवर्षी दोनदा हलवते.

त्या साइटने आणखी एक गोष्ट शिकवली. कातळात खोदलेला खड्डा हा स्वतःच एक तलाव असतो. काळा पाषाण पाणी पिऊन टाकत नाही. वरच्या उतारावरून मुरूमातून झिरपत आलेलं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि आपल्या काँक्रीटच्या पेटीभोवती उभं राहतं. वर फरशी सुकी दिसते, खाली पेटी पाण्यात उभी. या पाण्याला वाट नसेल तर काय होतं, याचं गणित प्रकरण चारमध्ये पूर्ण दिलं आहे. इथे थोडक्यात. आठ बाय चार मीटरचा, सरासरी 1.4 मीटर खोलीचा तलाव, भिंती आणि तळ 20 सेंटिमीटर जाड. काँक्रीट भरतं सुमारे 14 घनमीटर, वजन 35 टन. बाहेरून ही पेटी व्यापते 59 घनमीटर. म्हणजे भोवतालचं पाणी काठापर्यंत चढलं तर ते पेटीला 59 टनांनी वर ढकलतं. तलाव भरलेला असेल तर आतलं 45 टन पाणी मदतीला असतं, चिंता नाही. रिकामा असेल तर भोवतालचं पाणी तळापासून फक्त 95 सेंटिमीटर चढलं की 35 टनांचं वजन संपलं, आणि पेटी होडीसारखी उचलायला लागते. मातीचं घर्षण थोडं धरून ठेवतं, पण त्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

आणि तलाव नेमका कधी रिकामा करतात? जुलैत. पाहुणे नसतात, भाडं नसतं, माणसं मोकळी असतात, म्हणून घासूनपुसून घेऊ असं ठरतं. कृपा करून हे करू नका. तलाव रिकामा करायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये करा. तळाच्या ड्रेनपाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि पेटीच्या बुडाशी भोकांचा पाइप, भोवती 20 मिलीमीटर खडी, खडीवर जिओटेक्स्टाइल कापड, अशी तळची वाट काढून ठेवा. उताराच्या प्लॉटवर ती खालच्या अंगाला उघड्यावर सोडता येते, पंप लागत नाही. वरची नाली आणि ही खालची नाली एकाच चेंबरमध्ये जोडायचा मोह होतो. तो टाळा. वरचा पाइप तुंबला की तेच पाणी खालच्या पाइपातून पेटीखाली शिरतं.

अलिबागला, नागाव-किहीमच्या पट्टीत, हे सगळं उलटं होतं. तिथे उतारच नाही. वाळूत पाऊस झटकन जिरतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी हाताने काढता येईल इतकं वर आलेलं असतं आणि उधाणाच्या भरतीला खाडीकडचे पाट बाहेर वाहायचे थांबतात. अशा जागी शोषखड्डा म्हणजे भरलेल्या हंड्यात लोटीभर पाणी ओतणं. तिथे तलाव जमिनीच्या वर उचलावा लागतो, अगदी दोन-अडीच फूट. सुरुवातीला मालकांना ते ओटल्यासारखं दिसतं, नको वाटतं. नंतर त्याच ओटल्यावर संध्याकाळी सगळे बसतात. गोव्याच्या बाजूला, आसगाव-शिवोलीकडे, जांभा. जांभा वरून चाळणीसारखा, पण खालच्या चिकणमातीवर पाणी अडतं आणि खोदलेल्या कडेतून सप्टेंबरपर्यंत झरे वाहत राहतात. एकाच पुस्तकात या तिन्ही जमिनी घेतल्यामुळे काही ठिकाणी पुनरुक्ती झाली आहे, ती मुद्दाम राहू दिली. ज्याची जी जमीन, त्याने ते प्रकरण सुटं वाचावं.

हे काही नवं शास्त्र नाही. मोहेंजोदडोचं महास्नानगृह, 1925-26 च्या उत्खननात जॉन मार्शल यांच्या काळात उजेडात आलेलं, साधारण 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, 2.4 मीटर खोल. विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर, तळाला एका कोपऱ्याकडे ढाळ, आणि त्या कोपऱ्यातून बाहेर पडणारा विटांच्या कमानीचा मोठा नाला. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या मिस्त्रीने पाण्याची वाट आधी आखली होती, हे अवशेषांवरूनही कळतं. तळ झाल्यावर तसा नाला खालून घालता येत नाही. इतक्या लांब जायचं नसेल तर आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा चौक आठवा. चारी बाजूंच्या छपरांचं पाणी त्यात कोसळायचं. चौक सोप्यापेक्षा पायरीभर खाली, फरसबंदीला एका कोपऱ्याकडे हलकासा ढाळ, कोपऱ्यात दगडी मोरी, आणि मोरी भिंतीखालून थेट बाहेरच्या गटारात. पागोळ्यांची धार जिथे पडायची तिथला दगड जाड निवडलेला असे. आजच्या व्हिलात हाच चौक तलाव होऊन आला आहे. मोरी तेवढी मागे राहिली.

फरशीच्या निवडीवर मी फार लिहिलेलं नाही. दगड खरबरीत हवा, आणि खरबरीत दगडाला ढाळ जरा जास्त लागतो, कारण पाणी त्याला चिकटून बसतं. ओल राहिली की पंधरा दिवसांत शेवाळ, आणि मग कितीही महाग दगड असो, माणूस आपटतोच. लाकडी किंवा त्यासारख्या पट्ट्यांचा डेक असेल तर पाणी फटींतून खाली जातं, पण खाली गेलं म्हणजे संपलं असं नाही. खालच्या कोब्यालाही तोच ढाळ लागतो. एक चाचणी मात्र सांगतो, ती मला एका वयस्क मिस्त्रींनी शिकवली. कोबा झाला, दगड अजून बसायचा आहे, अशा वेळी दहा बादल्या पाणी काठाकडून ओतायचं आणि चहा पिऊन यायचं. अर्ध्या तासाने जिथे जिथे डबकं दिसेल तिथे त्याच्या कडेने खडूने रेघ मारायची आणि मधोमध रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं पाण्याच्या वर दिसलं तर चालेल. नाणं बुडालं तर तेवढा कोबा फोडायचा. मिस्त्री हे करताना नाणं स्वतःच्या खिशातलं ठेवत आणि सगळं ठीक निघालं तर मालकांकडून दहा रुपये घेत. फोडावं लागलं तर नाणं तिथेच गाडत.

जाळ्यांबद्दल मात्र मी हट्टी आहे. हल्ली बोटभरही न दिसणारी चीर ठेवून खाली नाली लपवतात. दिसते सुंदर. पण गुलमोहराची बारीक पानं आणि जांभळाचा सडा त्या चिरेतून आत जातो आणि बाहेर येत नाही. हाताने उचलता येईल, मुलाच्या पायाचं बोट अडकणार नाही, अशी जाळी घ्या आणि दर चार-पाच मीटरवर साफसफाईला तोंड ठेवा. नालीच्या तळालाही ढाळ हवाच. नालीत चार बोटं स्वच्छ पाणी आठ-दहा दिवस उभं राहिलं की डेंग्यूच्या डासांची एक पिढी तयार होते, आणि ज्या घरात तलावाच्या पाण्याची रोज तपासणी होते त्याच घरात या नालीकडे कुणी बघत नाही.

काठोकाठ भरून वाहणारे तलाव आता फॅशनमध्ये आहेत. त्यांना काठालगत स्वतःची नाली असते, ती पाणी बॅलन्सिंग टाकीत नेते, तिथून गाळून ते परत तलावात येतं. ही नाली आणि पावसाची नाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा वाचवायला त्या एक केल्या की काठावरची धूळ, पानं, कुत्र्याच्या पायांची माती, सगळं गाळणीत जातं. मधे एक उंचवटा ठेवा, बोटभर का होईना: आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. आणि साध्या तलावालाही जादा पाण्याचा पाइप ठेवा. 200 मिलीमीटरच्या दिवशी तलावाची पातळी, काठाचं थेंबभर पाणी आत न येताही, वीस सेंटिमीटर चढते.

राहिली शेजाऱ्यांची गोष्ट. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या सातव्या कलमाखाली एक उदाहरण आहे: वरच्या जमिनीवरचं, ठरावीक पाटातून न वाहणारं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरत असेल तर खालच्याने ते उतरू द्यायचं. बंगलेवाल्यांना हे वाक्य फार आवडतं. पण त्यातला महत्त्वाचा शब्द "नैसर्गिकपणे" हा आहे. तीनशे चौरस मीटरचं पाणी एका पाइपात गोळा करून खालच्या शेतकऱ्याच्या भाताच्या बांधावर सोडणं याला नैसर्गिक म्हणणं अवघड आहे, आणि त्याचा बांध फुटला की गावात तुमचा तलाव कायमचा बदनाम होतो. पाइपाच्या तोंडाशी डबर टाका, पाणी पसरवा, त्याचा वेग मोडा. गाळणीच्या उलट्या धुण्याचं पाणी तर पावसाच्या नालीत सोडूच नका. त्यात क्लोरीन आणि गाळ असतो. मिठाच्या पद्धतीचा तलाव असेल तर लिटरला तीन-चार ग्रॅम मीठही असतं, आणि ते पाणी बागेला घातलं तर झाडं करपतात. सेप्टिक टँकमध्ये यातलं कुठलंही पाणी सोडू नका, पावसाचं तर नाहीच. टाकी उफाळून वर आली तर काय होतं, ते मी एकदा पाहिलं आहे आणि इथे लिहिणार नाही.

पंप, फिल्टर, औषधं यांवर या पुस्तकात काही नाही. त्यातलं मला फारसं कळत नाही. जे मिस्त्री, प्लंबर आणि माळीदादा माझ्याशी खरं बोलले त्यांचा मी ऋणी आहे, विशेषतः चहा झाल्याचं ज्यांनी कळवलं त्यांचा.

शेवटी वाचकांना एक विनंती. जागा घेतली असेल आणि खोदाई व्हायची असेल, तर हे पुस्तक मिटा आणि एक पावसाळा जाऊ द्या. जुलैतल्या एखाद्या मोठ्या सरीत छत्री आणि चार खुंट्या घेऊन प्लॉटवर जा. पाणी जिथून आत येतं तिथे एक खुंटी ठोका, जिथे साचतं तिथे दुसरी, जिथून बाहेर पडतं तिथे तिसरी, आणि तिन्हींचे फोटो काढून ठेवा. चौथी खुंटी परत घेऊन या. ती तलावाची आहे, आणि ती दिवाळीनंतर ठोकली तरी चालते.